धर्मराजाचा कुत्रा आणि आमची पडवी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या आळीत फटाक्यांची एक लांबलचक माळ लागली. ती संपून कान थाऱ्यावर येतात न येतात तोच माझ्या मुलीला न्हाणीघरामागच्या लाकडांच्या ढिगात काहीतरी हलताना दिसले. दोन-अडीच महिन्यांचे, मातकट रंगाचे एक पिल्लू दोन ओंडक्यांच्या बेचक्यात अंग चोरून बसले होते. त्याचे सारे अंग थरथरत होते. अंगाला उटणे लावलेल्या अवस्थेतच सुमीने ते उचलले, माझ्यापुढे आणून धरले आणि निकाल देऊन टाकला, "बाबा, हे आता आपलं."

वाचकहो, सणाच्या पहाटे, उटण्याच्या वासात, अकरा वर्षांच्या मुलीला 'नाही' म्हणणारा बाप मी तरी अजून पाहिलेला नाही. पण 'हो' म्हणायलाही माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "फराळ होऊ दे, मग बघू." आणि त्या दिवशी पिल्लाची सोय पडवीतल्या एका गोणपाटावर झाली.

फराळाला बसल्यावर आमच्या घरातील प्रत्येकाने आपापले मत दिले. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, मे महिन्यात माझ्या माहेरी जायचं, तेव्हा याला कुठे ठेवणार?" सुमी म्हणाली, "त्यालाही नेऊ." माझी आई मात्र चकलीचा तुकडा हातात धरून बराच वेळ गप्प होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "पाळायचा असेल तर पाळ बाबा. पण मोत्याचं केलं तसं याचं करू नका."

मोत्याचे नाव आमच्या घरात तीस-एक वर्षांनी निघाले होते. त्याविषयी पुढे सांगेन.

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. परंतु घरात पेच पडला की मला वाचनालयाची वाट धरायची खोड आहे. कुत्रा पाळण्याची आपली तयारी आहे की नाही, हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. माणसाने हजारो वर्षे कुत्रा पाळला. तेव्हा ज्यांनी पाळला त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे, असे मी ठरवले. सुट्टीतल्या त्या दिवसांत जे हाती लागले, तेच येथे मांडतो आहे.

सगळ्यात जुना साक्षीदार जर्मनीत भेटला. १९१४ साली बॉन शहरालगतच्या ओबरकासेल येथे दगडाच्या खाणीत काम चालू असता एक फार प्राचीन दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा होता. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या काळी शेती नव्हती, गाय-बैल माणसाळलेले नव्हते, घर म्हणावे असे घरही नव्हते. तरीही कुत्रा मात्र होता! अलीकडे, २०१८ साली, शास्त्रज्ञांनी त्या कुत्र्याचे दात बारकाईने तपासले. तेव्हा असे दिसले की तो पुरता वाढलेला कुत्रा नव्हता, सात महिन्यांचे पिल्लू होते. शिवाय त्याला पाचव्या महिन्यापासून डिस्टेंपर नावाचा रोग जडलेला होता. या रोगात पिल्लाला ताप येतो, उलट्या-जुलाब होतात, पुढे झटके येतात. असले पिल्लू कोणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण पुसल्याशिवाय आठवडाभरदेखील जगायचे नाही. हे तर काही आठवडे जगले. म्हणजे ज्याचा शिकारीला काडीइतका उपयोग नव्हता, अशा आजारी पिल्लाची त्या काळच्या माणसांनी बसून सेवा केली होती.

मी पुस्तक मिटले आणि मनाशी पहिला प्रश्न लिहून घेतला. निरोगी, उड्या मारणारे पिल्लू सगळ्यांनाच आवडते. पण रात्री दोन वाजता ते ओकू लागले, तर उठणार कोण?

दुसरा साक्षीदार हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार. त्याने बाबिलोनच्या एका इराणी सुभेदाराची हकीकत लिहून ठेवली आहे. या सुभेदाराकडे आपल्या हिंदुस्थानातून नेलेले शिकारी कुत्रे होते, आणि ते इतके होते की त्यांच्या खाण्याचा भार मैदानातल्या चार मोठ्या गावांवर टाकलेला होता. कुत्र्यांना पोसावे म्हणून त्या गावांना बाकीचे सारे कर माफ होते! हे वाचून मला हसू आले. परंतु थोड्याच वेळाने लक्षात आले की, हसण्यासारखे त्यात फारसे नाही. ज्याच्या पदरी चार गावे नाहीत, त्याने आपल्या डब्यातले पीठ आधी पाहावे, हाच त्या गोष्टीचा अर्थ. पोळीचा उरलासुरला तुकडा टाकला की कुत्रा पोसला जातो, ही आपली जुनी समजूत. वाढत्या पिल्लाला पोळीबरोबर अंडे-मांसासारखे सकस काही लागते, लशी लागतात, जंतांचे औषध लागते, कधी डॉक्टरही लागतो. आणि हे सारे एका वर्षाचे नव्हे. बरी निगा राखली तर कुत्रा बारा-तेरा वर्षे सहज जगतो. मी हिशेब मांडला. आज सुमी अकरा वर्षांची आहे. हा कुत्रा म्हातारा होईल तेव्हा ती चोविशीच्या घरात असेल. शिक्षणासाठी परगावी असेल, कदाचित सासरी असेल. म्हणजे 'बाबा, मी त्याचं सगळं करीन' हे तिचे वचन कितीही खरे असले, तरी कुत्रा अखेर सांभाळायचा आम्हा दोघांनाच. मुलासाठी आणलेला कुत्रा हा मुळात आईबापांचाच कुत्रा असतो. हे ज्यांना मान्य असेल, त्यांनीच होकार द्यावा.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. कुत्रा आणि मराठी माणूस यांचे नाते मोठे गमतीचे आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तगुरूंच्या भोवती चार कुत्रे आहेत आणि त्यांना आपण चार वेद मानतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. आणि कीर्तन संपवून घरी जाताना वाटेत कुत्रा आडवा आला की दगड उचलतो! रायगडावरचा वाघ्या तर प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतो. त्याच्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही, आणि त्यावरून आजही वाद झडतात. त्या वादात मी शिरत नाही.

पण साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा खंड्या मात्र नुसत्या दंतकथेतला नव्हे. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या बखरीत त्याची हकीकत आली आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचवले. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, बसायला पालखी दिली, आणि ती पालखी खरोखरच चालू ठेवली गेली. एकदा तर महाराजांनी त्याला जरीचे वस्त्र व दागिने घालून भर दरबारात आपली स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर ती पुन्हा आपल्या डोक्याला कधी लावली नाही. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला खंड्याची समाधी आजही दाखवतात.

स्कॉटिश इतिहासकाराने हा सारा प्रकार लहरीपणाच्या सदरात घातला. मला मात्र तो वाचताना वेगळेच सुचले. शाहू महाराज १६८९ साली लहानपणीच मोगलांच्या कैदेत सापडले, आणि सुटले ते १७०७ साली. म्हणजे कोवळ्या वयाची सतरा-अठरा वर्षे त्यांनी शत्रूच्या छावणीत काढली. सुटून आल्यावरही आपलेच आप्त त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. आज इकडे, उद्या तिकडे असे सरदार त्यांनी किती पाहिले असतील! ज्याची निष्ठा वतनावर अवलंबून नाही, असा प्राणी त्यांना दरबारातल्या पगड्यांपेक्षा मोलाचा वाटला असेल, तर त्यात नवल कसले?

परंतु सनद आणि पालखी ही खंड्याला हवी होती काय? त्याला हवा होता धनी. मला येथे आजची मंडळी आठवतात. बंगल्याला शोभा म्हणून बर्फाळ सैबेरियातला हस्की जातीचा कुत्रा आणतात, आणि आपल्याकडच्या वैशाखात तो जीव जिभा टाकीत पडून असतो. आलेल्यागेलेल्याला त्याची जात आणि किंमत सांगितली जाते. मात्र त्याला फिरवायला नोकर असतो. हा कुत्रा धन्याचा नव्हे, धन्याच्या पगडीचा! तेव्हा तिसरा प्रश्न असा झाला: आपल्याला कुत्रा हवा आहे, की कुत्रा असलेले घर म्हणून मिरवायचे आहे?

चौथा साक्षीदार मुंबईचा आहे. १८३२ साल. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता, आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. आठ आण्यांच्या लोभाने मारेकरी घराच्या ओट्यावरची, अंगणातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी, असा त्यांचा 'सगदीद' नावाचा विधी आहे, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणून 'चार डोळ्यांचा' म्हटला जाणारा कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. आमच्या ऋग्वेदातही यमाचे दोन कुत्रे, सरमेची मुले, चार डोळ्यांचीच आहेत! दोन्ही समाजांची आठवण कोठेतरी एकाच उगमाशी जाऊन मिळते. असो. ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार कडकडीत बंद झाला, त्यात हिंदू, जैन असे इतरही सामील झाले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारी रसद अडली. शेवटी लष्कर आले, धरपकड झाली. पुढे जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी रदबदली केली, तेव्हा कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, अशी तडजोड निघाली.

या दंग्यात मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्याच्या ओट्यावरचे जनावर ओढून नेले, त्याचा संताप खरा होता. आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती, तीही खरीच होती. कारण त्या वेळी या रोगावर औषध नव्हते. ते निघायला पुढे अर्धे शतक जावे लागले. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा, पिसाळलेल्या कुत्र्याने ठिकठिकाणी फोडलेला, आईबरोबर पॅरिसला लुई पाश्चरकडे आला. पाश्चरने सुमारे दहा दिवसांत त्याला तेरा टोचण्या दिल्या, आणि मुलगा जगला. आपल्याकडे १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने आमच्या पिढीने लहानपणी नुसत्या नावानेच धसका घ्यावा अशी होती. ती जुनी लस आता इतिहासजमा झाली असून नवी लस दंडात घेतात. मात्र एक गोष्ट पाश्चरच्या काळी होती तशीच आजही आहे. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावीत बसू नये. आणि पाळलेल्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस टोचावी, ती पुढे वेळच्या वेळी देत राहावे.

तेव्हा चौथा प्रश्न शेजारधर्माचा. आपला कुत्रा आपल्या लाडाचा असतो. जिन्यात त्याला पाहून भिंतीला चिकटणाऱ्या पोराचा तो लाडका नसतो. त्याला लस, गळ्यात पट्टा, नगरपालिकेचा परवाना लागत असेल तर परवाना, आणि नको असलेली पिल्ले जन्मून उकिरड्यावर जाऊ नयेत म्हणून वेळेवर शस्त्रक्रिया, एवढे करण्याची तयारी नसेल, तर आपण कुत्रा पाळत नाही, गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांत एकाची भर घालतो.

आणि आता शेवटचा साक्षीदार. महाभारत कुत्र्यापासून सुरू होते आणि कुत्र्यापाशी संपते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्रा येतो. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नाही, त्याला तोंड लावलेले नाही. तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात. तो रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातो. ती यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते. राजकुळाला उत्तर देता येत नाही. ती शाप देऊन निघून जाते. आणि महाप्रस्थानाच्या वेळी पाच पांडव व द्रौपदी यांच्या मागे सातवा निघतो तोही एक कुत्रा. वाटेत द्रौपदी पडते, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडतात. कुत्रा चालतच राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, याला सोड. युधिष्ठिर नकार देतो. इंद्र मोठा चाणाक्ष. तो विचारतो, तू बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह का? त्यावर धर्मराज जे सांगतो, ते मला साऱ्या महाभारतात फार मोलाचे वाटते. तो म्हणतो, ते मेले होते, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांतल्या कोणालाही टाकलेले नाही. हा जिवंत आहे, आणि माझ्या भरवशावर आला आहे.

हे वाचले आणि मला पुढे वाचवेना. कारण मला मोत्या आठवला.

माझे वडीलही प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मी दहा वर्षांचा असताना त्यांची बदली दूरच्या गावी झाली. सामान ट्रकमध्ये चढले. भांड्यांची पोती, आईचे जाते, शिवणयंत्र, तुळशीची कुंडीसुद्धा. मोत्याचे काय, हे कोणीच बोलले नाही. "नव्या जागी मालक कुत्रा ठेवू देणार नाहीत," एवढे वडील आदल्या रात्री म्हणाले होते, आणि त्या घरात त्यांच्या शब्दावर शब्द नव्हता. ट्रक निघाला तसा मोत्या मागे धावू लागला. त्याला वाटले असावे, हा काहीतरी खेळ आहे. ओढ्यावरच्या पुलापर्यंत तो आला. पुढे चढ होता, ट्रकने वेग घेतला, आणि धुरळ्यात तो दिसेनासा झाला. महिन्याभराने जुन्या शेजाऱ्यांचे पत्र आले. वडील नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागले. 'तुमचा कुत्रा अजून पडवीत येऊन बसतो, नवे बिऱ्हाडकरू हाकलतात...' इथवर वाचून ते थांबले. पत्राची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. त्यानंतर आमच्या घरात कुत्रा आला नाही, आणि मोत्याचे नावही निघाले नाही. वडील वाईट नव्हते. त्यांनी कुत्रा आणताना फक्त एक प्रश्न विचारला नव्हता: आपण येथून हललो, तर हा कोठे जाईल?

दिवाळी संपल्यावर मी सुमीपुढे एक अट ठेवली. एक महिनाभर रोज पहाटे साडेपाचला उठायचे, पिल्लाला फिरवून आणायचे, त्याची घाण स्वतः उचलायची, पाण्याचे भांडे घासायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायची. महिना संपला तेव्हा तीस दिवसांत बावीस खुणा होत्या. सुमी रडवेली झाली. आठ दिवस तिला जाग आली नव्हती, की कधी ताप होता, कधी चाचणी परीक्षा. पण मी पाहिले, त्या आठही दिवशी पिल्लू फिरून आलेले होते. तीन दिवस मी गेलो होतो. चार दिवस सौभाग्यवती, ज्यांना कुत्रा नको होता! आणि उरलेल्या एका पहाटे काठी टेकीत टेकीत माझी सत्तरीची आई त्याला कोपऱ्यापर्यंत नेऊन आली होती, कोणालाही न सांगता.

मग मला उत्तर मिळाले. आपली तयारी आहे का, हे एकट्याच्या उत्साहावर ठरत नाही. उत्साह बावीस दिवस पुरतो. उरलेले आठ दिवस घरात कोणी भरून काढणार असेल, तर कुत्रा आणावा. नसेल, तर त्यात कमीपणा काही नाही. दाराशी पाण्याचे भांडे ठेवावे, आळीतल्या कुत्र्याला भाकरी घालावी, त्याला लस टोचवून घ्यावी. तेही पुण्यच आहे, आणि ते न झेपणाऱ्या वचनापेक्षा बरे.

नेपाळात दिवाळीच्या दिवसांत नरक चतुर्दशीला कुत्र्यांची पूजा करतात. त्या दिवसाला 'कुकुर तिहार' म्हणतात. कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. मी हे घरी वाचून दाखवले. यंदा आमच्या अंगणात फटाके नाहीत. माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण कान ज्याला मिळाले आहेत, त्याला ती माळ कशी ऐकू येत असेल, हे आम्ही गेल्या वर्षी त्या लाकडांच्या ढिगात पाहिले आहे. सुमीने झेंडूची माळ आत्ताच करून ठेवली आहे. ती तो खाऊन टाकणार, हे ठरलेलेच.

कालच आई पडवीत बसून त्याच्या कानामागे खाजवीत होती. मला म्हणाली, "अरे, उद्या तुझी बदली झाली तर?"

मी म्हटले, "झाली तर सामानाची यादी करताना पहिलं नाव त्याचं."

ती काही बोलली नाही. फक्त गोणपाटाची चुरगळलेली कड तिने हाताने सरळ केली.